साडेसहाचं जेवण

भिवंडीत दिवस कलल्यावर स्वतःच्या काळजाची आतोबांइतकी बडदास्त दुसऱ्या कोणी ठेवली असेल, हे मी मान्यच करणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. "लवकर जेवा, जरा फिरा, चिडू नका," एवढंच डॉक्टर म्हणाले. आतोबांनी त्याचा सरकारी हुकूम केला. साडेसहाला अळणी दुधी आणि तांदळाची भाकरी, सातला फेरी, आणि सहानंतर भांडण बंद. शेजारच्या लूमवाल्याशी मागांच्या खडखडाटावरून त्यांचा कायमचा वाद. पण तो संध्याकाळी तोंड उघडू लागला, की आतोबा हात वर करून म्हणायचे, "अब नहीं. झगड़ा कल सुबह आठ बजे." आणि सकाळी आठला खरोखरच जायचे, घसा बसेपर्यंत भांडायचे आणि त्याच्याकडचाच चहा पिऊन परत यायचे.

अंजूरला एका लग्नाचा मुहूर्तच नेमका साडेसहाचा निघाला. आतोबा घरून डबा घेऊन आले होते. मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या कोपऱ्यात निवांत दुधी खात बसले. मुलीच्या बापानं मला हळूच विचारलं, "मास्तर, काकांना आमचा जेवान चालत न्हाय काय?"

आतोबांनी ते ऐकलं. "जेवण उत्तमच असणार," ते म्हणाले, "पण माझं हृदय तुमच्या भटजींना विचारून चालत नाही."

मी तेव्हा भिवंडीतच शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी आत्याकडे चहाला जायचो. अशाच एका संध्याकाळी साडेसहा वाजून गेले तरी ताट आलं नाही. आतोबांनी दोनदा हाक मारली. मी स्वयंपाकघरात डोकावलो. आत्या भिंतीला टेकून बसली होती, घामानं चिंब, डावा खांदा दाबत. तव्यावर भाकरी करपत होती.

"काही नाही रे, पित्त झालंय," ती म्हणाली.

आतोबांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं, अनवाणी रस्त्यावर धावले आणि येणाऱ्या रिक्षासमोर आडवे उभे राहिले.

आत्या वाचली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी तिला विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?"

"ह्यांचं साडेसहाला होतं. मुलं ड्युटीवरून नऊला येतात, त्यांना गरम लागतं. माझं होईपर्यंत दहा वाजतात."

"आणि फिरणं?"

"ओट्यापासून ताटापर्यंत," ती हसून म्हणाली.

आतोबा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. स्वतःच्या झटक्याच्या वेळीही त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता.

ती घरी आली आणि आतोबांनी स्टोव्ह आपल्या ताब्यात घेतला. त्यांच्या पहिल्या खिचडीत चमचा उभा राहिला. मुलांना त्यांनी बजावलं, "झाकून ठेवलंय, वाढून घ्या. तुमची आई संध्याकाळी मोकळी नसते." मग दोघं फिरायला निघायची. आतोबा सवयीनं दहा पावलं पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा मागे यायचे.

एका उन्हाळ्यात ती दोघं मला खाडीजवळ भेटली. पाण्यावर तांबडं ऊन पसरलं होतं. आत्या म्हणाली, "लग्न होऊन इथं आले त्याला सदतीस वर्षं झाली रे. इथला सूर्य बुडताना आत्ता बघतेय."

आत्याला तशा संध्याकाळी पुढे सहा वर्षं मिळाल्या. त्या फार कमी होत्या, असं आतोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले.