बंगलोरला, बंडूची बॅटरी बघायला

बंडूचं पत्र आलं आणि माझा दिवस नासला. ‘मुलाकडे विलायतेत गेलो होतो, तिथे पेसमेकर बसवला. आता रोज लालबागेत दोन फेऱ्या मारतो.’ वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! शाळेत गणित, संस्कृत, बक्षिसं, सगळं बंडूचं. पळण्यात तेवढा मी पहिला. पुढे तो इंजिनियर झाला, मी ड्रिलमास्तर. बायकोला म्हटलं, “मित्राची तब्येत बघून येतो.” खरं तर तो खरंच एवढा चालतो का, ते बघायचं होतं.

मिरजेहून मीटरगेजची गाडी धरा, दशम्या बरोबर घ्या आणि अरसीकेरेच्या गरम इडलीसाठी पोटात जागा ठेवा. चार-आठ आण्यांत पोट भरतं. स्वेटर हवाच.

स्टेशनावर बंडू स्वतः हजर. माझी वळकटी उचलू लागला, मी हिसकावून घेतली. बसनं जयनगरला गेलो. घरं नवी, रस्ते ऐसपैस, झाडं अजून कमरेएवढी. दार उघडताच नलूवहिनींनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

“सत्तर. सरी!” म्हणजे कानडीत ठीक. मग माझ्याकडे वळल्या. “कमी भरले तर बॅटरी उतरली समजायचं, भावजी. रोज मोजते.”

माझे ठोके आजवर कुणी मोजले नव्हते. कॉफी फक्कड होती, पण मला गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चिकपेटेत बायकोसाठी पातळ घेतलं. गल्ल्या अरुंद, गर्दी तोबा, पायीच फिरा. दुकानदारानं बंडूसाठी स्टूल पुढे केलं, तर या गृहस्थानं ते माझ्याकडे सरकवलं. मी बसलो नाही. पाय मोडून आले होते तरीही.

तिसऱ्या सकाळी लालबाग. फिरायला येणारे सगळे त्याच्याभोवती. सदऱ्याखाली बरगडीपाशी डबीचा उंचवटा दिसतो, तो बघायला. माझा नुसता जळफळाट झाला. टेकडीच्या पायथ्याशी मी म्हणालो, “वरपर्यंत पळायचं?”

“मला चालायचीच परवानगी आहे. तू पळ.”

मी पळालो. वाटेत कुणीतरी मला म्हणालं, “अण्णा, स्वल्प दमानं!” मला! तरी वर पहिला पोचलो आणि ऐटीत मागे वळलो. बंडू अर्ध्या चढावर खडकावर बसला होता, चेहरा राखेसारखा.

धावत खाली आलो. “अरे, चालणार होतास ना?”

“तुला पळताना बघून राहवलं नाही.”

मी त्याची नाडी धरली. संथ, एकसारखी.

“वाढत नाही रे ती,” तो म्हणाला. “बसलो तरी सत्तर, पळालो तरी सत्तर. मग डोळ्यांपुढे अंधारी येते.” त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. “तुझं बघ किती धावतंय! नातू झाल्याची तार आली, तेव्हा मी रडलो. हे आपलं सत्तरच.”

बराच वेळ त्यानं मनगट सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. घरी दोघांनीही वहिनींना काही सांगितलं नाही.

मिरजेला परतलो. पातळ बायकोला आवडलं. हल्ली सकाळी मैदानाला फेरी मारून आलो की ती माझे ठोके मोजते, आणि दर रविवारी मी बंडूला कार्डावर आकडा कळवतो. त्यानंच मागितलाय. गेल्या खेपेला एकशे बारा होता. उलट टपाली उत्तर आलं: ‘सत्तर. जळतो तुझ्यावर.’

हे त्याच्याकडून ऐकायला मी पन्नास वर्षं थांबलो होतो. कार्ड बायकोला वाचून दाखवायला गेलो, पण मला ते वाचवेना.