हळदीनं दाखवलेली भेग

अन्याय झाला तो सरूमावशीवर. पोळ्याच्या नऊ दिवस आधी, सकाळचा भोंगा वाजून गेल्यावर, कोहक्याच्या नाल्याच्या उतारावर. आधी एवढं लिहून ठेवते, मग देवाचं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. ठेकेदाराची पिकअप आम्हा रेजांना, म्हणजे माती-गिट्टी वाहणाऱ्या बायकांना, भरून साइटवर न्यायची. तिच्या मागच्या कमानी, एकाखाली एक रचलेले ते पोलादी पाटे, बसून पार सपाट झाले होते. खड्डा आला की गाडीचं पोट खाली आपटायचं. त्या उतारावर ती एकदम डावीकडे झुकली, मावशी बाहेर फेकली गेली आणि तिचं मनगट मोडलं. ठेकेदारानं काय केलं? "खड़ी थी, मस्ती कर रही थी," असं म्हणून हजेरीतून तिचं नाव कापलं. मावशी बसलेली होती. माझ्या शेजारी, माझा हात धरून.

मी सातवी शिकलेली, युनियनची पत्रकं लिहिणारी. त्या आठवड्यात तीन लिहिली. कमानी बदला म्हणून दोनदा ठेकेदाराच्या दारात उभी राहिले. त्यानं वर न बघता विचारलं, "गाड़ी चल रही है ना?" चिडून घरी आले की मावशीवरच ओरडायची. रोज महादेवाचं नाव घेऊन गाडीत चढायचीस, काय केलं त्यानं तुझं? ती मोडका हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणायची, "पोरी, हात तं जुळन. पण खोटं लावलं नं माह्यावर, ते दुखते." तिला काम परत हवंच होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते तिचं नाव, डाग न लागलेलं. ते कसं मिळवून द्यायचं हे मला कळत नव्हतं, आणि देवाला कळत असेल यावर माझा विश्वास उरला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना ऊन पाण्यानं धुवायचं, पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. भंडाऱ्याकडून आलेली आमची माणसं; बैल गावी राहिले, खांदे शेकायची सवय मात्र सोबत आली. पिकअप चालवणारे बापूमामा पूर्वी स्वतःचं गाडं हाकायचे. ते म्हणाले, "माहा बैल आता हाच. याचेच खांदे शेकतो." ऊन उतरताना त्यांनी रॉकेलनं कमानी घासून धुतल्या. मी हसले. खरं सांगते, वाईट हसले. "मामा, याले कडबाही टाकजा! आमाले तं नव्या कमानी पायजे, तुमी जुन्याले हळद लावून राहिले?"

मावशी एका हातात वाटी घेऊन गाडीखाली सरकली. तिथून आवाज आला, "तुह्या कागदानं काही झालं नाही, आता माह्या हळदीले पाहू दे. बाहेर उभी राहून काऊन बोलते? खाली वाक."

वाकले. उताणी पडून मी हळद-तुपानं पाटे चोळू लागले. वरच्या पाट्याला पुसून लख्ख केलं, तेवढ्यात वर आमच्यातल्या दोघीतिघी चढून नाचू लागल्या, बैल किती दमाचा ते बघायला. गाडी दबली, आणि पुसलेल्या पाट्यावर, मधल्या बोल्टच्या जवळ, केसाएवढी पिवळी रेघ उमटली. त्या उतरल्या, रेघ मिटली. पुन्हा चढवल्या, पुन्हा रेघ उघडली; आत हळदीचं तूप शिरलेलं. पाटा आडवा चिरलेला होता. मामांनी रेघेवर नख फिरवलं आणि कान धरले. "महादेवा, याच्यावर मी रोज बायका भरून नेत होतो."

पोळ्याच्या दिवशी गाडी उभी होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघणार होती. नवा पाटा कुठून आणायचा? कोहक्याच्या बाजारात उतई गावचा एक लोहार बसला होता, विळे-कुऱ्हाडी मांडून. आमच्या ओळखीचा ना पाळखीचा. गावचे लोहार मोडीतल्या कमानींचेच विळे करतात, म्हणून मामांनी सहज विचारलं. त्यानं बंडीतला पेंढा बाजूला केला. खाली अख्खा पाटा, दोन्ही टोकांचे डोळे, म्हणजे अडकवायची भोकं, साबूत. मामांनी दोरीनं मापला, पुन्हा मापला, बरोबर तेवढाच, आणि मग खालीच बसले. लोहार म्हणाला, "हंसिया बनाए बर राखे रहेंव. फेर पोरा मा भट्ठी नइ बारँव, तेकरे सेती बाच गे." सणात भट्टी पेटवायची नाही म्हणून पाटा विळा होता होता राहिला. आगीत गेला असता तर त्याचा लवचीकपणा गेला असता.

तो आपला धंदा सोडून आमच्याबरोबर आला. गाडी लाकडी ओंडक्यांवर टेकवली, बोल्ट सोडले, पाटे उतरवले, चिरलेला काढून साबूत बसवला. चिरलेल्यावर त्यानं घण मारला तेव्हा तो काडीसारखा तुटला. तुटल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त जुना गंज, उरलेलं लोखंड चकाकतं. "ए जुन्ना टूटे हे, बाई. कतको दिन के," तो म्हणाला. जुनी भेग, कितीतरी दिवसांची, म्हणजे मावशी पडली त्याच्याही आधीची. मावशीनं ते ऐकलं आणि तिथेच रडायला लागली, हसत हसत. लोहारानं आमच्याकडच्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरी घरवालीसाठी बांधून घेतली आणि गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं ते तुकडे ठेकेदाराच्या टेबलावर ठेवले. मी भाषण तयार करून गेले होते. गरजच पडली नाही. तिनं गंजावर बोट ठेवलं आणि विचारलं, "शेठ, हा पाटाही मस्ती करून राहिला होता काय?" मागे उभ्या सगळ्या बायकांना हसू फुटलं. कारकून हसला, आणि शेवटी लाल कानांचा ठेकेदारही. "नाम चढ़ाओ," तो म्हणाला. मावशी हजेरीवर बोट लावून उभी राहिली, नाव पूर्ण लिहून होईपर्यंत. महिन्याच्या आत दोन्ही बाजूंच्या कमानी नव्या आल्या.

यात देव किती आणि हळद किती, यावर मी कोणाशी भांडणार नाही. भांडणं मला पुष्कळ आहेत. मला एवढं कळलं, की मी उभी होते तोवर मला काही दिसलं नाही. ज्या बाईला मी भोळी म्हणत होते तिच्या सांगण्यावरून मातीत पाठ टेकली, तेव्हा दिसलं. शरण जाणं ते एवढंच असावं. ठेकेदाराला मी अजून शरण गेलेले नाही आणि जाणारही नाही. महादेवाला मात्र तेव्हापासून रोज हात जोडते, आणि जोडताना हसू येतं.

आता तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या साइटवर बायका भरून जी गाडी उद्या निघेल, तिच्याखाली आज वाका. पाटे धुवा, वर माणसं चढवा, बोट फिरवा. भेग सापडली तर चाकासमोर बसा, आणि पाटा बदलेपर्यंत उठू नका.