गंगाधररावांचा गुळगुळीत पाट

इंदिरानगरातल्या आमच्या गंगाधररावांना निवृत्तीनंतर लाकडाचा नाद लागला. ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेला हा गृहस्थ घरी बसला तो थेट सुतार होऊनच. कुणाची मुंज असो, वास्तुशांत असो, आहेर ठरलेला : सागवानी पाट, आणि त्यावर प्रवचन. "हात फिरवा, हात! मशीन लावलेलं नाही. नुसता पॉलिश पेपर आणि हा खांदा!" पाट खरोखरच असा गुळगुळीत, की माझ्या घरच्या पाटावरून मांजरही घसरतं.

घासून झाला की त्यांच्या पत्नी उत्तराकाकू तो रिक्षात घालून पॉलिशवाल्याकडे नेत. पॉलिशच्या वासाने गंगाधररावांना शिंकांचा भडिमार सुरू होई, म्हणून त्या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते.

यंदा त्यांच्या अपूर्वाचं लग्न ठरलं. "मंगलाष्टकांना माझी लेक माझ्याच पाटावर उभी राहील," असं त्यांनी व्याह्यांना ठणकावून सांगितलं आणि नेमका खांदा आखडला. डॉक्टरांनी घासणं बंद केलं. आता सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, घेणं आलं, तोही स्वस्तातला, कारण कार्यालयवाल्याने आधीच पुरतं सोलून घेतलं होतं.

सोबत दत्तू. कारखान्यापासूनचा मित्र, रोजच्या चहाचा भागीदार. "दत्तूला लाकडातलं ओ की ठो कळत नाही," असं गंगाधरराव चारचौघांत म्हणत आणि दत्तू इमानाने मान डोलवी.

रविवार कारंज्याजवळच्या दुकानदाराने चौकोनी सँडर पुढे केला. "काका, हा घ्या. स्वस्त आहे, साधा पॉलिश पेपर कापून लावायचा."

"छान!" गंगाधरराव म्हणाले.

"कसलं छान?" दत्तू उसळला. "हे मुंगीसारखं खातं. अपूर्वाला पोरं होतील तरी घासत बसशील. गोल घे, गोल. ओरखडे राहत नाहीत."

"पण गोलाच्या चकत्या महाग पडतात, काका."

"पडू देत. आणि ड्रिलला लावायची ती तबकडी तर दाखवूच नका. लाकडात खड्डे पाडते."

"तुला रे कुणी सांगितलं?"

"यूट्यूब."

गोल मशीनच्या तळाला भोकं असतात आणि कागदाच्या चकतीलाही. ती जुळली तरच भुसा पिशवीत ओढला जातो. दुकानदार स्वतः चकती फिरवून फिरवून भोकं जुळवत होता. दत्तूने ती त्याच्या हातातून घेतली, चहा कुठे प्यायचा हे बोलता बोलता एका भोकात अंगठा रोवला आणि न बघता थाप मारून बसवली. सगळी भोकं जुळली.

गंगाधरराव त्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"दत्तू, यूट्यूबवर हे न बघता करायला शिकवतात?"

"वहिनींना विचार," दत्तू मशीन खाली ठेवत पुटपुटला. जन्माचा मित्र, ऐन वेळी पदराआड लपला!

गंगाधरराव मशीन घेऊन घरी आले ते तडक स्वयंपाकघरात.

"अहो, तुमच्या पहिल्या पाटावरून वन्सं उठल्या, तेव्हा पैठणीचा काठ कुसळांत अडकून पाटालाच राहिला होता," उत्तराकाकू म्हणाल्या. "तुमचं मन मोडवेना."

"म्हणजे पॉलिशवाला..."

"दत्तूभाऊजीच. त्यांच्या गच्चीवर घासून, पॉलिश करून देतात."

"सगळे पाट?"

काकूंनी पोळी उलटली.

"आणि मशीन कुठलं वापरतो तो हरामखोर?"

"गोल."

दत्तूचा चहा बंद झाला. मित्र फितूर, बायको फितूर! गंगाधररावांनी तोंडाला रुमाल बांधला आणि अपूर्वाचा पाट गॅलरीत एकट्याने घासायला घेतला. मशीन हलकं धरायचं असतं. यांनी अपमानाच्या सगळ्या भाराने दाबलं. पाटभर ओरखड्यांच्या जिलेब्या उमटल्या. पुसल्या, पुन्हा घासलं, आणखी उमटल्या. लग्न चार दिवसांवर, शालू रेशमी.

संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या आणि स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोमेश्वरच्या देवळात जातोय. जेवायच्या वेळेपर्यंत येत नाही. पाट गॅलरीत आहे."

दाराबाहेर पडून ते पुन्हा आत डोकावले.

"आणि त्या फितुराला सांग, कडांना हात लावायचा नाही. कडा माझ्या आहेत."