गाळ खाली बसेपर्यंत

पेट्रोल भरून झालं की नाना मोटरसायकल बाजूला घेत, टाकीची नळी सोडवून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढत आणि ती बाटली उन्हात धरून चित्र पाहावं तशी पाहत राहत. बाजूला घेत म्हणजे नावालाच. रांगेतले निम्मे लोक खोळंबत, हॉर्न वाजवत आणि आमच्या कुळाचा उद्धार करत. नानांच्या चेहऱ्यावरची माशीही हलायची नाही.

मी शिकवायचो त्याच शाळेत नाना चित्रकला शिकवायचे आणि धुळ्याच्या देवपुरात माझ्या शेजारी एकटेच राहतात. लग्न केलं नाही. जन्म रंगांत गेलेला, त्यामुळे पेट्रोलचाही रंग त्यांना बोलका वाटे. "तळाला दखा भाऊ, पानी शे," असं म्हणून ते मला ती बाटली दाखवत. मला कधी दिसे, कधी मी नुसताच हो म्हणत असे. पाणी निघालं की पंपवाल्याशी भांडण नाही, काही नाही. सगळी टाकी रिकामी करायची, तळाचं पाणी सोडून द्यायचं, वरचं पेट्रोल जुन्या धोतराच्या घडीतून गाळून परत ओतायचं. सुटीत आम्ही दोघं त्यांच्या गाडीवर भटकायचो; पचमढीला जाताना आमचा अर्धा दिवस यातच गेला होता आणि मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोललो नव्हतो.

त्यांचा दुसरा नेम टँकरचा. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर ते तिथे पेट्रोल घेत नसत. "टँकर कव्हय उना?" म्हणजे कधी आला, हा त्यांचा पहिला प्रश्न. जमिनीतल्या टाकीचा सगळा गाळ ढवळून वर आलेला असतो, तो खाली बसू द्यायचा, मग भरायचं. हल्ली पेट्रोलात इथेनॉल आलं, ते पाणी ओढून घेतं हे कळल्यावर तर त्यांना पावसाळाभर झोप नव्हती.

एवढी जपणूक कशासाठी, तर अक्कांसाठी. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, अमरावतीला दिलेली. आई लवकर गेली, नानांना तिनेच वाढवलं. दर भाऊबीजेला नाना पहाटे धुळ्याहून निघून दुपारपर्यंत तिच्या दारात असत. मला सख्खी बहीण नाही. माझी बायको गेल्यावर नाना मलाही बरोबर नेऊ लागले आणि अक्का मलाही ओवाळू लागल्या. ओवाळल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नसत, त्यामुळे वेळेवर पोचणं हा नानांचा धर्म होता.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला जळगाव सोडलं तेव्हा टाकी तळाला आली होती. सणामुळे नेहमीचा पंप बंद. पुढच्या पंपावर गेलो तर टँकर रिकामा होत होता. मी म्हटलं, "नाना, आज चालवून घ्या, पुढे बघू."

"आणि मलकापूरपुढे गाडी बंद पडनी म्हंजे? अक्का उपाशी बठी ऱ्हाई."

ते कडुनिंबाखाली जाऊन बसले. टँकर गेला तरी उठले नाहीत. चांगला तासभर गेल्यावर त्यांनी पेट्रोल घेतलं, बाटली उन्हात धरली आणि समाधानाने मान हलवली. खरंच, अमरावतीपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

अक्कांच्या अंगणात चपलाच चपला होत्या. भाचा पुढे आला. "सकाळपासून छातीत दुखत होतं, मामा. डॉक्टर येऊन गेले. आई तुम्हाला कळवू देईना. म्हणे, त्याले सांगू नका, गाडी जोरमा हाकी. आत्ता, अर्धा तास झाला..."

आत पाट मांडलेला होता. नाना त्या पाटाशेजारी जमिनीवर बसले आणि रात्रीपर्यंत तिथून उठले नाहीत. मला वाईट तर वाटलंच, पण त्या गाळाचा जास्त राग आला. अजूनही येतो.

त्यानंतर एकदाच आम्ही बरोबर निघालो, शिरपूरला. वाटेतल्या पंपावर टँकरचा पाइप अजून लागलेला होता. नानांनी टाकी भरली, पैसे दिले आणि बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाले, "येळवर पोचीसन काय करनं शे?" सोनगीरच्या पुढे गाडी आचके देत थांबली. नाना सावलीत बसून राहिले. नळी मी सोडवली, कार्ब्युरेटर मीच साफ केला, तोही धड नाही. त्या दिवशी मला रस्त्यावर इतकं एकटं वाटलं, जितकं बायको गेल्यावर घरात वाटलं होतं.

नानांची गाडी आता ताडपत्रीखाली असते. मी माझ्या गाडीवर एकटाच जातो. गेल्या रविवारी जामनेरला निघताना त्यांच्या फाटकाशी थांबलो.

"येता का, नाना?"

"नही भाऊ. मनी वाट कोन दखस आते?"

"माझी तरी कोण बघतंय?" मी म्हणालो. सहज म्हणालो, पण म्हणून झाल्यावर गाडीला किक मारवेना.

नाना आत गेले, एक खुर्ची घेऊन आले आणि ती ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून मांडली.

"जा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मी दखस वाट."