मी लढले नव्हते

नवरा गेला त्याला सात महिने झाले होते, तेव्हा माझ्या छातीत गाठ सापडली. रेल्वेतल्या त्याच्या बदलीमुळे मुलगी लहान असतानाच आम्ही कोलकात्याला आलो होतो आणि गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात जिना चढतानाच तो कोसळला होता. मी इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे हिला सगळं झेपेल, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

"वहिनी, तुला काय सांगायचं? तूच दुसऱ्यांना शिकवतेस," पुण्याहून नणंद फोनवर म्हणायची आणि पुढे अर्धा तास सांगतच राहायची. हळदीचं दूध घे, चांगले विचार कर, अमक्याची मावशी बघ कशी ठणठणीत झाली! केमोमुळे माझ्या तोंडाची चव गेलेली. मी फोन उशीवर ठेवून अधूनमधून "हो ताई" म्हणायचे.

खरी चीड वेगळीच होती. गाठ सापडल्यापासून नवऱ्याबद्दल कुणी बोलेनाच. एका घराला एका वेळी एकच दुःख मंजूर असावं तसं. रिपोर्ट चांगले आले तेव्हा शेजारणीने संदेश मिठाईचा डबा आणला, मिठी मारली. त्याचा विषय मीसुद्धा काढला नाही. वर्गात मात्र 'शोक दाबू नये' असं तासभर शिकवत होते.

मग कॉलेजने माझं भाषण ठेवलं. विषय, 'कर्करोगावर विजय'. प्राचार्यांनी माझी ओळख "आपल्या लढवय्या मॅडम" अशी करून दिली. ते ऐकून डोकंच फिरलं.

"मी लढले वगैरे नाही," मी म्हणाले. "मी खुर्चीत बसून होते, औषध हातातून आत जात होतं. घरी येऊन उलट्या करत होते. आणि माझा नवरा गेलाय. त्याच्यासाठी मी अजून नीट रडलेलेही नाही."

प्राचार्य घड्याळाकडे बघू लागले. टाळ्या पडल्या, पण जेमतेम.

अकरावीतली माझी मुलगी मागे बसली होती. घरी जाताना रिक्षात ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मला वाटला तू बाबाला विसरली."

"वेडी आहेस का? तुला त्रास नको म्हणून मी गप्प होते."

"मी पण! तू आजारी होती ना. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची."

मला संतापच आला. तिच्यावर, माझ्यावर, आमच्या त्या शहाणपणावर. दीड वर्ष एका घरात राहून दोघींनी हे असं केलं होतं. मग रिक्षातच दोघी रडलो. रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली.

अजून तपासणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. कशी आहेस, असं कुणी विचारलं तर हल्ली खरं सांगते. बरेच जण त्यानंतर परत विचारत नाहीत.