निम्मेरावांचं विमान

जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे निम्मेराव म्हणतात. कसलीही किंमत ऐकली की ते निम्म्यात मागतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. दुकानदार हाक मारतोच.

जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा लेकीकडे नवा नातू बघायला जायचं ठरलं. विमानाचं भाडं पाहून निम्मेरावांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि जिना उतरून खाली आले. वर जाऊन पाहतात तर भाडं वाढलेलं. ते पुन्हा उतरले.

मी विचारलं, "काय हो, विमानाने हाक मारली का?"

"मारेल की! रिकाम्या सीटा घेऊन उडतील होय?"

ते वर गेले, तर बायको बॅग भरत होती. "अहो, एकच सीट उरली होती, ती मी घेतली. भाजी फ्रिजमध्ये आहे."

"कितीला पडली?" निम्मेरावांनी विचारलं.