पांजणीवर झालेली परीक्षा

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीला सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्यानं रागावू नये, अडेल तिथं अंदाजानं वाचावं. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

मुंबईहून शिकायला आलेली पद्मावती आमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर कोरे कागद, हातात फाउंटन पेन, आणि डोळ्यांत पाणी. तिला शहापूर-वडगावात येऊन महिना उलटून गेला होता. वीस घरं करायची होती. एकही पुरं झालं नव्हतं.

मी त्या दवाखान्यात आया. बाळंतिणींच्या घरी जाऊन मुलांना न्हाऊ घालायचं, नाळ बघायची, काही बिघडलं असेल तर डॉक्टरीणबाईंना कळवायचं, हे माझं काम. विणकरांच्या गल्ल्यांतली घरं मला माहीत. म्हणून बाईंनी तिला माझ्यासोबत दिलं होतं.

ती कसलं शिक्षण घेत होती ते सांगते. मुंबईत समाजसेवा शिकवणारी शाळा निघाली आहे. बी.ए. झाल्यावरच तिथं घेतात. मला आधी वाटलं, समाजसेवा शिकायला शाळा कशाला. पण तिथं पुस्तकं असतात, परीक्षा असतात, आणि सगळ्यात अवघड म्हणजे फील्डवर्क. फील्डवर्क म्हणजे लोकांच्या घरी जाऊन बसायचं. कोण कमावतं, कोण आधी जेवतं, कोण आजारी, मुलं शाळेत जातात का, हे सगळं बोलता बोलता समजून घ्यायचं आणि नीट लिहून काढायचं. शेवटच्या वर्षाला अशी वीस कुटुंबं, प्रत्येक घरी तीन तरी फेऱ्या. त्यावर डॉक्टरीणबाईंची सही. मग मुंबईचे सर स्वतः येऊन बघणार, आणि त्यांना पटलं तरच पदवी.

नाही पटलं तर वर्ष परत. ते वर्ष पद्मावतीला मिळणार नव्हतं. तिचे आप्पा निपाणीजवळच्या खेड्यात तंबाखू पिकवतात. मुलीला मुंबईला पाठवायला ते कबूल नव्हते. त्यांच्या जैन समाजाच्या फंडातून फीचे पैसे मिळाले, कर्जाऊ, म्हणून ते गप्प बसले. पण बजावून ठेवलं होतं, "एकदा नापास झालीस की पुस्तकं बांधायची आन् मी सांगेन त्या घरात जायचं." घर ठरलेलंसुद्धा होतं. कडेगावचा कुणी आडत्या होता. ती त्याचं नाव घेत नसे, 'ते वजनकाटे' म्हणायची.

आम्ही संध्याकाळी जायचो. दिवसभर विणकरांच्या घरात माग चालतो, बायका सुताच्या कांड्या भरतात, बोलायला सवड नसते. दिवेलागणीनंतर माग थांबले की मी पुढं, ती मागं. मी लाजरी, ती माझ्याहून लाजरी. दारात दोघी उभ्या राहायचो आणि आत कोण आधी जाणार याची वाट बघायचो. एकदा एका घरातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "भिक्षेला आलाय काय?"

आत गेलं की लोक चांगलं वागायचे. चटई टाकायचे. चहा ठेवायचे. लढाईमुळं साखर मिळत नव्हती, तरी गुळाचा चहा व्हायचाच. पद्मावती हळूच म्हणायची, "नको." पाणी द्यायचे. "नको." आणि मग पेन काढून विचारायची, "घरात किती माणसं?"

"हायत की."

"मुलं शाळेत जातात का?"

"जात्यात कवातरी."

"तब्येत वगैरे?"

"बरं हाय."

दुसऱ्या फेरीला तर चटईसुद्धा पडायची नाही. ज्या बायका मला सासूच्या कागाळ्या सांगायच्या, त्या तिच्यासमोर भिंतीसारख्या व्हायच्या. मला वाटायचं, तिच्या बुजरेपणानं असं होतंय. आपलंही तसंच होतं, असं म्हणून मी गप्प बसायची.

मग एक दिवस नीलव्वा नातवाला घेऊन दवाखान्यात आली. वडगावच्या त्या गल्लीत तिचा शब्द चालतो. नवरा वारल्यावर तिनं दोन माग एकटीनं चालवले. नातवाच्या कानात थेंब टाकून झाले. मग म्हणाली, "गंगाक्का, त्या पोरीला आमच्या गल्लीत आणू नगंस."

"का गं?"

"आमच्यात पाणीबी प्याला चालत न्हाय तिला. आन् आमच्या घरातली भांडी मोजाया येती व्हय? आमी काय इटाळाचे हाय?"

ती गेल्यावर मी पद्मावतीकडं गेले आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडं पाणी का घेत नाही?"

"सूर्य मावळल्यावर मी काही घेत नाही, गंगाक्का. पाणीसुद्धा. आमच्या घरी कुणीच घेत नाही."

"मग तसं सांगायचं की."

"कुणी विचारलंच नाही. आमच्याकडं सांगावं लागत नाही. संध्याकाळ झाली की शेजारचे आम्हाला चहा विचारतच नाहीत."

खरी गोष्ट होती. तिच्या गावात हे मुसलमान तेल्यापासून मराठ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ. इथं कुणाला माहीत नव्हतं, आणि हे सांगायची गोष्ट आहे हेच तिला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "चला, घरोघरी जाऊन सांगू."

"नको. आता सांगितलं तर सबब वाटेल. किंवा मोठेपणा."

ते पण खरं होतं. मग तीच म्हणाली, "सूर्य वर असताना गेलं तर?"

दिवसा माग चालतात. पण सकाळी ऊन कोवळं असताना गल्लीत पांजणी असते. पांजणी म्हणजे सुताला खळ लावायची. साडीचा उभा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधतात. त्याला पिठाची पातळ खळ लावतात आणि लांब कुंच्यांनी विंचरत जातात, म्हणजे दोरे चिकटत नाहीत आणि मागावर तुटत नाहीत. हे काम एका घरानं होत नाही. खळ वाळायच्या आत सगळं विंचरून व्हावं लागतं. म्हणून आज याच्या ताण्याला ते, उद्या त्याच्या ताण्याला हे. ज्यानं हात लावला त्याची न्याहारी ताण्याच्या मालकाकडं.

पण सकाळी माझी ड्यूटी. मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि दारातच उभी राहिले. त्यांना माझी सवय आहे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय मोडलं?"

"मोडलं नाही. सकाळच्या व्हिजिटला जाऊ का?"

"व्हिजिट संध्याकाळी ठरल्यात ना?"

"संध्याकाळी ती पाणी पीत नाही."

आता त्यांनी मान वर केली. सगळं ऐकलं आणि पद्मावतीला आत बोलावलं. "तुझ्या शाळेच्या रूलमध्ये संध्याकाळ असं लिहिलंय?"

"नाही बाई. होम व्हिजिट, एवढंच आहे."

"मग जा. गंगू, ओपीडी उघडायच्या आत इथं पाहिजेस."

दुसऱ्या दिवशी नीलव्वाचाच ताणा होता. आम्हाला बघून ती म्हणाली, "आज कागुद न्हाय आणला?"

पद्मावतीनं मान हलवली. मग तिनं जे केलं ते तिला किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. सगळी गल्ली बघत असताना ती नीलव्वाच्या माठाकडं गेली आणि म्हणाली, "मला पाणी द्या. संध्याकाळी मला चालत नाही. आमचा नियम आहे, दिवस मावळला की तोंड बंद."

नीलव्वानं तांब्या भरून दिला. ती गटागटा सगळा प्याली. पदर भिजला.

"दिवस मावळला की काईच न्हाय?" नीलव्वानं विचारलं.

"काहीच नाही."

"बाळंतीण आसली तर?"

"तिला सूट असते."

"मग बरं हाय," नीलव्वा म्हणाली आणि तिच्या हातात कुंचा दिला. "धर."

पद्मावतीनं कुंचा उलटा फिरवला. चार दोरे तुटले. गल्लीभर हशा. एक सून म्हणाली, "आगं बी.ए. बाई, केस विंचरतीस तसं, वरून खाली." ती शिकली. खळीनं तिची साडी अशी कडक झाली की बसताना वाजायची.

न्याहारीला झुणका आला. तिनं कांदा आहे का विचारलं आणि सगळ्या पुन्हा हसल्या. "ह्येबी न्हाय?" नीलव्वा म्हणाली, "आगं, तुला पोसायचं तरी कशानं?" आणि तिच्या ताटात बिनलसणाची शेंगांची चटणी आणि दही वाढलं. ती दोन भाकरी जेवली.

मग मला एक उमगलं. पांजणीवर सगळे एका रांगेत उभे असतात आणि डोळे सुतावर असतात. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. लाजऱ्या माणसाला बोलायला याहून चांगली जागा नाही. मी स्वतः तिथं इतकी बोलले की माझी मलाच ओळख पटेना. सरकारी कंट्रोलचं सूत कसं मिळतं, कुणाची लेक कंग्राळीला दिली आणि का परत आली, कुणाच्या पोराला रात्री दिसत नाही, सगळं त्या दोऱ्यांवरून इकडून तिकडं जायचं. पद्मावती ऐकायची, मधूनच एखादं विचारायची, आणि दवाखान्यात आल्यावर लिहून काढायची. ज्या पोराला रात्री दिसत नव्हतं, त्याला बाईंनी माशाचं तेल सुरू केलं.

वीस घरं पुरी झाली. मग सर आले. कोट, बूट, जाड चष्मा. त्यांना मुलाखत समोर बघायची होती. आम्ही त्यांना पांजणीवर नेलं.

ते गल्लीच्या टोकाला उभे राहिले. पद्मावती कुंचा घेऊन रांगेत. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात ताण्याची दोरी बांधलेली त्यांच्याजवळची मेख जमिनीतून सुटली आणि ओला ताणा खाली यायला लागला.

नीलव्वा लांबून ओरडली, "ओ साहेब, दोरी धरा."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. साहेब तेच होते. त्यांनी दोरी धरली.

"वढा. आनी वढा. सोडू नगा, न्हायतर ताणा मातीत जाईल."

मेख पुन्हा ठोकायला कुणाचे हात मोकळे नव्हते. सर मागं रेलून दोरी ओढत उभे. चष्मा नाकावर घसरलेला, वर करायला हात नाही. त्यांनी पद्मावतीला हाक मारली, "मिस पाटील, मुलाखत कधी सुरू करणार?"

"सर, चालू आहे," ती म्हणाली.

आणि होतीच. नीलव्वा विंचरत विंचरत त्यांच्यापाशी आली. "साहेब, मुलं किती?"

"तीन."

"घरात आदी कोन जेवतं?"

"मी... आणि मुलं."

"बायकू मागनं?"

"हो."

"उरतंय का तिला?"

"मी कधी पाहिलं नाही."

"बघा," नीलव्वा म्हणाली आणि पुढं गेली.

ताणा वाळेपर्यंत त्यांच्या हाताला वळ उठले होते. न्याहारीला ते आमच्यासोबत जमिनीवर बसले. डॉक्टरीणबाईंना नंतर म्हणाले, "दोरी हातात असली की माणूस खोटं बोलत नाही. हे आमच्या पुस्तकात नाही." पद्मावतीचे कागद त्यांनी दुपारभर वाचले.

ती पास झाली. आप्पांना तार गेली. वजनकाट्यांचं लग्न दुसरीकडं झालं आणि सुखाचं झालं म्हणतात. पद्मावतीला निपाणीला तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मुलांसाठी केंद्र चालवायला मिळालं. ती दर महिन्याला पगारातून फंडाचे पैसे भरत राहिली.

शेवटचा हप्ता भरायला तिनं मला मुद्दाम बोलावून नेलं. कचेरीत पोचायला उशीर झाला. कारकुनानं पैसे घेतले, खातं बंद केलं, पावतीवर सही केली. मग पोऱ्याला चहा आणायला सांगितला. बाहेर दिवस मावळत होता.

पद्मावती लगेच म्हणाली, "माफ करा, राग मानू नका. सूर्य मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही. आमचा नियम आहे."

कारकून हसला. "बाई, फंड कुणाचा आहे? मी पण घेत नाही. चहा एकच सांगितलाय, तुमच्यासोबतच्या आक्कांना."

दोघं मी पिताना बघत बसले. मला ऐनवेळी लाज वाटली, पण चहा साखरेचा होता, म्हणून सगळा प्यायले. एवढ्या वर्षांत मी एवढंच शिकले, की कुणाच्या घरचं विचारायला जाताना आपलं काय ते आधी सांगून टाकावं. दोनदा सांगितलं गेलं तरी चालतं.

पैसे पै न् पै फिटले. पावती पद्मावतीनं माझ्या हातात दिली, वाचायला. मी अंदाजानं वाचली.